रकाने कोणी आखायचे?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली, त्या आनंदसोहळ्यात बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी महोत्सव समितीची ऋणी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता त्या राज्याची हैदराबाद ही राजधानी. पुनर्रचनेनंतर मराठवाडा वेगळा झाला, पण नोकरी-व्यवसायासाठी इथे स्थिरावलेली मराठी घरे इथेच राहिली. उंबरठा ओलांडताच तेलुगू आणि दख्खनी उर्दू कानी पडणाऱ्या या शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे म्हणजे काय, हे माझ्याहून अधिक अधिकाराने सांगणारी मंडळी येथे आहेत. माझ्याकडे समितीने एक निश्चित काम सोपवले आहे. दक्षिण आफ्रिकेत मी जो विषय शिकवते, त्या 'बिझनेस इन्फॉर्मॅटिक्स'मधील पदव्युत्तर ऑनर्स पदवी म्हणजे नेमके काय, ती कोणी घ्यावी, आणि आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना ती झेपेल का, हे मी सांगावे अशी त्यांची सूचना आहे. यातील शेवटचा प्रश्न पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, याची मला जाणीव आहे. मात्र विषयाचे स्वरूप उलगडल्याखेरीज त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

प्रथम 'ऑनर्स' या शब्दाविषयी. आपल्याकडे बी.ए. ऑनर्स, बी.कॉम. ऑनर्स म्हटले की बारावीनंतरची पहिली पदवी डोळ्यांसमोर येते. दक्षिण आफ्रिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील राष्ट्रीय पात्रता चौकटीत तीन वर्षांची पदवी सातव्या पातळीवर असते. त्यानंतर एका वर्षाची ऑनर्स पदवी आठव्या, मास्टर्स नवव्या आणि डॉक्टरेट दहाव्या पातळीवर. म्हणजे ऑनर्स ही पदवी आणि मास्टर्स यांच्यामधली स्वतंत्र पायरी आहे. नोकरी सांभाळून शिकणारे विद्यार्थी तीच पायरी सहसा दोन वर्षांत चढतात. तिचे मोजमाप १२० श्रेयांकांचे. एक श्रेयांक म्हणजे दहा तासांचा अभ्यास, असे एकूण १२०० तास होतात, आणि त्यांपैकी किमान ३० श्रेयांक, म्हणजे ३०० तास, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेल्या संशोधनासाठी राखून ठेवावे लागतात.

हे आकडे मी मुद्दाम सांगत आहे. परदेशी अभ्यासक्रमांची माहितीपत्रके चाळताना कुठे १२० श्रेयांक दिसतात, कुठे ६०, आणि आपल्याकडच्या नव्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत एका वर्षाचे ४०. अधिक श्रेयांक म्हणजे अधिक शिक्षण, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण आपल्या चौकटीत एक श्रेयांक ३० तासांचा धरला आहे, म्हणजे ४० श्रेयांकांचेही १२०० तासच होतात. मापे वेगळी असली तरी धान्य तेवढेच. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या ऑनर्सची सोय केली असून, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाची वाट मोकळी ठेवली आहे. तेव्हा पदवीचे नाव वाचून निर्णय घेऊ नये. ती कोणत्या पातळीची आहे, किती तासांची आहे आणि त्यांतील किती तास संशोधनाचे आहेत, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

आता विषयाकडे वळू. बिझनेस इन्फॉर्मॅटिक्सला मराठीत 'व्यवसाय-माहितीशास्त्र' म्हणता येईल. विद्यापीठागणिक त्याचे नाव बदलते. केप टाउनला 'इन्फर्मेशन सिस्टिम्स' म्हणतात, प्रिटोरियाला 'इन्फॉर्मॅटिक्स'. जर्मन भाषक देशांत हा विषय 'विर्टशाफ्ट्सइन्फोर्माटिक' या नावाने १९७० च्या सुमारास विद्यापीठांत रुजू लागला. एका संस्थेत माणसे काम कसे करतात, त्या कामाच्या कोणत्या खुणा नोंदवून ठेवायच्या, आणि त्या नोंदींवर चालणारी यंत्रणा कशी उभारायची, याचे हे शास्त्र. किर्द आणि खतावणी सांभाळणाऱ्या जुन्या दिवाणजींना यातले मर्म ठाऊक होते. संगणकाने त्या कामाचा आवाका आणि त्यातली जोखीम दोन्ही वाढवली.

या शास्त्राचा आरंभ एखाद्या प्रयोगशाळेत झाला असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे एक महत्त्वाचे जन्मस्थान म्हणजे इंग्लंडमधली केक आणि चहा विकणारी कंपनी. जे. लायन्स अँड कंपनी हे त्या उद्योगाचे नाव. त्यांनी 'लिओ' नावाचा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे नियमित काम सुरू केले. कार्यालयीन कामासाठी संगणक नेमाने वापरण्याचे जगातले हे पहिले उदाहरण मानले जाते. पण मला त्या यंत्राहून त्यामागील विचार अधिक मोलाचा वाटतो. पुढे कंपनीच्या चहागृहांना रोज कोणता माल किती पाठवायचा, हे काम लिओकडे आले. प्रत्येक चहागृहाने रोजची सगळी यादी कळवायची ठरवली असती, तर ती यंत्रात भरण्यातच रात्र सरली असती. डेव्हिड केमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाचे निरीक्षण केले. त्यांच्या ध्यानात आले की मागणी बहुतेक दिवशी ठरलेली असते. म्हणून प्रत्येक चहागृहाची एक कायम मागणी यंत्रात ठेवली आणि व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून केवळ त्या दिवशीचे बदल सांगायचे, अशी व्यवस्था केली. चहागृहात उभी राहणारी बाई दिवस कसा घालवते हे समजून घेतल्यामुळे ते काम सुटले.

जर्मनीतही हेच दिसते. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जी कंपनी काढली, तिचे आद्याक्षरी नाव 'सॅप' आज मोठमोठ्या उद्योगांत सर्वतोमुखी आहे. त्या मूळ जर्मन नावाचा अर्थ 'प्रणालीचे विश्लेषण आणि प्रोग्रामची उभारणी' असा होता. नावातसुद्धा विश्लेषण आधी आणि प्रोग्राम नंतर. त्यांचे पहिले काम ओस्ट्रिंगेन येथील नायलॉनच्या कारखान्यासाठी होते, आणि त्याची घडण कारखान्यात बसूनच झाली.

या विषयाचा तात्त्विक पाया घालणाऱ्यांत स्वीडनचे बोर्ये लांगेफोर्स यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी १९६० च्या दशकात एक साधी वाटणारी गोष्ट सिद्धान्तरूपाने मांडली. नोंद आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद कागदावर किंवा यंत्रात असते. माहिती वाचणाऱ्याच्या मनात तयार होते. ती कोणती तयार होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: नोंद, वाचणाऱ्याचे पूर्वज्ञान, आणि अर्थ लावण्यासाठी त्याला मिळालेला वेळ. शाळेच्या हजेरीपटाचे उदाहरण घ्या. एका मुलीच्या नावापुढे सलग तीन दिवस गैरहजेरीची खूण आहे. कार्यालयाला त्यातून टक्केवारी कळते. तिच्या घरी आई आजारी असल्याचे ठाऊक असलेल्या वर्गशिक्षिकेला त्याच तीन खुणांतून वेगळेच काही कळते, आणि त्या दुपारी मुलीच्या घरी जातात. मात्र महिनाअखेरीस पन्नास नावांची बेरीज करण्याच्या घाईत तोच हजेरीपट त्यांच्यासमोर आला, तर त्या खुणा त्यांच्याही नजरेतून निसटतील. खूण तीच, पण माहिती निराळी. प्रणाली उभारणाऱ्याला हा फरक समजला नाही, तर यंत्र अचूक चालेल आणि उपयोग कोणालाच होणार नाही.

वर्गात हा मुद्दा शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक साधे काम देते: एखाद्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदीसाठी नावाचा रकाना आखा. बहुतेक जण क्षणात दोन रकाने आखतात, 'नाव' आणि 'आडनाव'. मग आम्ही खऱ्या नावांनी ते रकाने भरू लागतो. मराठी नावात स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि मग आडनाव. आपल्या शेजारच्या तेलुगू घरांत 'इंटिपेरू', म्हणजे घराण्याचे नाव, आधी येते आणि अनेकदा एका आद्याक्षरात आटोपते. तमिळ नावात बहुधा आडनाव नसतेच, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. झुलू घराण्यांत आडनावासोबत कुळाची स्तुतिनामे चालत येतात आणि आदराने हाक मारताना तीच वापरली जातात. आता आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवला, तर ज्याला आडनाव नाही तो काय करील? तो वडिलांचे नाव तेथे लिहील, किंवा स्वतःचेच नाव दुसऱ्यांदा लिहील. यंत्र ते बिनतक्रार स्वीकारील. तक्रार पुढे बँकेत किंवा विमानतळावर उद्भवेल, आणि चूक त्या माणसाची ठरेल. रकाना आखणारा तोपर्यंत दुसऱ्या कामाला लागलेला असेल.

हा विषय दक्षिण आफ्रिकेत शिकवताना एक वेगळे गांभीर्य का येते, ते आता सांगते. माणसांची नोंद ठेवण्याचे शास्त्र त्या देशाने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे, आणि त्या कथेचा एक धागा आपल्याच देशातून जातो. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत एडवर्ड हेन्री या बंगालमधील पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. १८९७ साली कोलकात्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. १९०० साली हेन्री यांना पोलीस यंत्रणेची घडी बसवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवण्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच, १९०६ मध्ये, ट्रान्सवाल सरकारने आशियाई रहिवाशांनी बोटांचे ठसे देऊन सक्तीने नोंदणी करावी असा वटहुकूम काढला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात त्याविरुद्ध सभा भरली, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा उगम तेथे झाला. ऑगस्ट १९०८ मध्ये हमिदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी करण्यात आली.

या घटनेतील एक बारकावा माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी थबकवतो. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली तेव्हा गांधीजींनी स्वेच्छेने ठसे दिले होते. सरकारने कायदा मागे घेतला नाही, म्हणून पुढे ती पत्रे जाळली गेली. ठसा तोच, शाई तीच. आक्षेप होता तो सक्तीला आणि त्यामागच्या अवमानाला. आज माहिती-संरक्षणाच्या कायद्यांत 'संमती' हा कळीचा शब्द आहे. दक्षिण आफ्रिकेचा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०१३ चा, आपला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्या शब्दाचा अर्थ शिकवायला मला जोहान्सबर्गच्या या प्रसंगाहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

पुढची कथा अधिक कठोर आहे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील प्रत्येक माणसाला वंशाच्या एका रकान्यात बसवले. कोठे राहायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, कोणाशी विवाह करायचा, हे सारे त्या एका रकान्यावर ठरू लागले. सँड्रा लेंग ही गोऱ्या आईबापांची मुलगी. तिचा वर्ण सावळा आणि केस कुरळे. १९६६ साली ती दहा वर्षांची असताना तिला 'गोऱ्यां'च्या यादीतून काढून 'कलर्ड' ठरवण्यात आले आणि तिची शाळा सुटली. पुढल्याच वर्षी नियम बदलला आणि कागदावर ती पुन्हा गोरी झाली. मुलगी होती तीच राहिली. नोंद दोनदा बदलली. तो कायदा १९९१ साली रद्द झाला.

अशा नोंदणीला यंत्रेही लागत, छायाचित्रेही लागत, आणि ती पुरवणारे तंत्रज्ञ सुजाण, सुशिक्षित माणसे होती. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीच्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले, की आपल्या कंपनीचे झटपट छायाचित्राचे तंत्र दक्षिण आफ्रिकेतील पासपुस्तिकांसाठी वापरले जात आहे. त्यांनी निषेधाची मोहीम उभारली, तिच्यापायी दोघांच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ मध्ये कंपनीला त्या देशातून बाहेर पडावे लागले. 'आपण जे बनवतो ते कशासाठी वापरले जाते?' हा प्रश्न त्या दोघांनी विचारला होता. आमच्या अभ्यासक्रमात नीतीचा भाग असतो तो याच कारणासाठी.

त्याच देशात या विषयाची दुसरी, उजळ बाजूही आहे. प्रिटोरियातील दक्षिण आफ्रिका विद्यापीठाने १९४६ पासून टपालाद्वारे शिक्षणाची वाट उघडली आणि वर्गात येऊ न शकणाऱ्यांना पदवीपर्यंत नेले. नेल्सन मंडेला यांनी कारावासात असतानाच, १९८९ मध्ये, याच विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. कैद्यालाही विद्यार्थी म्हणून नोंदवून घेणारी नोंदवही असू शकते, हेही आपण त्याच इतिहासातून शिकतो.

आता ऑनर्सच्या वर्षात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. पहिल्या पदवीत विद्यार्थी प्रोग्राम लिहायला, माहितीसाठा रचायला, हिशेब वाचायला शिकलेला असतो. कोणीतरी प्रश्न देतो, तो उत्तर काढतो. ऑनर्समध्ये प्रणालींचे विश्लेषण, कार्यप्रक्रियांची मांडणी, प्रकल्पांचे व्यवस्थापन हे विषय अधिक खोलवर येतात. पण खरी कसोटी लघुप्रबंधाची, कारण तेथे प्रश्न स्वतः शोधावा लागतो.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने वस्तीतील छोट्या किराणा दुकानांचा विषय घेतला. तेथे त्यांना 'स्पाझा' म्हणतात. ती प्रश्न घेऊन येते: 'दुकानदार मोबाइलवर हिशेब ठेवण्याचे साधन का स्वीकारत नाहीत?' मार्गदर्शक तिला विचारतात, साधन चांगले आहे आणि दुकानदार अडाणी आहे, हे तू आधीच ठरवून टाकलेस का? मग प्रश्न बदलतो: 'आज उधारी कशी लिहिली जाते, आणि त्या लिखाणावर कोणाचा विश्वास आहे?' या बदललेल्या प्रश्नाने तिला दुकानात नेऊन बसवले, की कदाचित असे दिसेल की दुकानदाराची वही ग्राहकही वाचू शकतो, कठीण महिन्यात एखादी ओळ मुद्दाम उद्यावर ढकलली जाते, आणि मोबाइलमधला लाल अक्षरांतला थकबाकीचा इशारा ही मुभाच काढून घेतो. असे असेल तर साधन बदलायला हवे.

हे काम शिस्तीने करावे लागते. आधी इतरांनी काय लिहिले ते वाचायचे. मग पद्धत निवडायची: सर्वेक्षण, एकाच ठिकाणाचा सखोल अभ्यास, किंवा काहीतरी घडवून ते तपासण्याची 'डिझाइन सायन्स' ही पद्धत, जिची मांडणी हेव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली केली. त्यानंतर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यायची, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याला समजेल अशा भाषेत त्याची संमती घ्यायची. दक्षिण आफ्रिकेत आज बारा अधिकृत भाषा आहेत. २०२३ साली खुणांच्या भाषेची त्यात भर पडली. तेव्हा 'समजेल अशा भाषेत' ही अट तेथे कागदापुरती ठेवून चालत नाही.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येते. आपल्या शाळेच्या मुलांना हे झेपेल का?

पहिली गोष्ट मी आडपडदा न ठेवता सांगते. हे शिक्षण इंग्रजीत आहे. लघुप्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो आणि त्यासाठी बोलीपुरती इंग्रजी उपयोगाची नाही. युक्तिवाद पेलणारी, नेटकी इंग्रजी हवी. ती आठवी-नववीपासून कसून कमवावी लागेल आणि शाळेनेही तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. मातृभाषेच्या प्रेमापोटी या गरजेकडे डोळेझाक करणे मुलांच्या हिताचे होणार नाही.

दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगते. माझ्या अनुभवात विद्यार्थी अडतात ते बहुधा इंग्रजीपाशी अडत नाहीत. ते अडतात प्रश्न विचारण्यापाशी. दुसऱ्याच्या कामाजवळ जाऊन, त्याच्या शब्दांत त्याचे म्हणणे ऐकून घेणे त्यांना जमत नाही. 'ग्राहक' हा शब्द विक्री विभागात एका अर्थाने आणि हिशेब विभागात दुसऱ्या अर्थाने वापरला जातो, हे त्यांच्या कानाला जाणवत नाही. आपल्या शाळेतले मूल सातव्या वर्षापासून घरी मराठी, रस्त्यावर दख्खनी, शेजारी तेलुगू आणि पुस्तकात इंग्रजी असे वावरत असते. एका वस्तूला चार नावे असतात, आणि एकाच शब्दाचे दोन घरांत दोन अर्थ होतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हे त्याचे भांडवल आहे. मात्र भांडवल नुसते असून भागत नाही. वर्गात मुलाने 'असे का?' विचारले तर त्याला बोलू देणारे शिक्षक हवेत आणि घरी तोच प्रश्न उद्धटपणा न मानणारे आईवडील हवेत. मराठी माध्यमात शिकून पहिल्यांदाच भाषेसह सगळे विषय समजून घेतलेले मूल असे प्रश्न अधिक सहज विचारते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

ही पदवी कोणासाठी नाही, तेही सांगायला हवे. ज्याला केवळ यंत्राच्या अंतरंगात रमायचे आहे त्याने संगणकशास्त्र घ्यावे; तो मार्ग तितकाच मानाचा आहे. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने आधी दोन-तीन वर्षे नोकरी करावी. कामाच्या ठिकाणी एखादा प्रश्न मनात घर करून राहिला तर मग ऑनर्सकडे यावे. परदेशी जायचेच असेल, तर आपली पहिली पदवी तेथे कोणत्या पातळीची धरली जाईल याची चौकशी तेथील पात्रता प्राधिकरणाकडे आधी करावी, आणि परतून भारतात पुढे शिकायचे असल्यास त्या पदवीची समकक्षता येथे कशी ठरते हे निघण्यापूर्वी तपासावे. शेजारच्या मुलाने घेतली म्हणून आपल्या मुलाने घ्यावी, अशी ही पदवी नव्हे. यंत्रे आता बराचसा प्रोग्राम स्वतःच लिहू लागली आहेत. काय नोंदवावे, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या भल्यासाठी, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागणार आहे, आणि ती माणसे या विषयाला हवी आहेत.

अखेरीस एक विनंती. महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांची संगणकीय यादी तयार होत असल्याचे समजले. त्या यादीत नावाचे दोन रकाने ठेवावेत: शाळेत असतानाचे नाव आणि आताचे नाव. शाळेच्या नोंदवहीत माझे नाव एक आहे, पारपत्रावर दुसरे. माझ्यासारख्या अनेक जणी एकाच रकान्यात सापडणार नाहीत. दूरध्वनी क्रमांक छापावा की नाही, हे ज्याचे त्याला विचारावे. आणि 'दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष' हा रकाना सक्तीचा करू नये. वडिलांची बदली झाली म्हणून, फी भरता आली नाही म्हणून, घरी लहान भावंड सांभाळायला हवे होते म्हणून पाचवीत किंवा सातवीत ज्यांची शाळा सुटली, ती मुलेही याच बाकांवर बसली होती. त्यांच्यासाठी 'शाळेत असल्याची वर्षे' एवढाच रकाना पुरेल.

हे काम कोणा कंपनीकडे सोपवण्याऐवजी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे, असे मी सुचवते. प्रत्येकाने दहा माजी विद्यार्थ्यांना भेटावे आणि 'तुमची नोंद कशी व्हावी?' एवढेच विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. यादी पूर्ण व्हायला महिनाभर अधिक लागेल. तो लागू द्यावा. रकाने आखण्याच्या कामी माझी मदत हवी असल्यास मी दूर असले तरी ती आनंदाने करीन.